पाठ पाहायची तर आधी डोकं पाहा

माझ्या सोनोग्राफी मशीनमध्ये साडेबारा आठवड्यांच्या एका बाळाचा फोटो जपून ठेवलेला आहे. बाळ उताणं, नाकाचं टोक स्पष्ट, मानेमागची त्वचेची रेघ स्वच्छ, एनटी (मानेमागच्या त्वचेखालच्या पाण्याच्या थराची जाडी) १.६ मिमी, कॅलिपर, म्हणजे मापाच्या खुणा, अगदी रेघेवर बसलेले. एनटी कसं मोजावं हे शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचं म्हणून मी तो मुद्दाम बाजूला काढला होता. विसाव्या आठवड्यात त्याच बाळाच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (अवयवांतले दोष शोधायच्या तपासणीत) मला स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष, दिसला. त्या संध्याकाळी जुना फोटो उघडला आणि कॅलिपर सोडून त्याच्या जरा वर, डोक्याच्या मागच्या भागात नजर नेली. सगळं तिथंच होतं. मला ते दिसलं नाही, कारण मी पाहत नव्हते, मोजत होते.

तेव्हापासून स्कॅनचा माझा क्रम बदलला. तोच इथे लिहितेय. सोनोग्राफी नव्याने शिकणाऱ्यांसाठी मुख्यतः, पण टेबलावर झोपून पडद्याकडे पाहणाऱ्या बाईलाही आपली डॉक्टर इतका वेळ नक्की काय शोधतेय ते कळायला हरकत नाही.

डोकं का?

गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, फलनानंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, काहींना तर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नलिकेचा खालचा भाग मिटायचा राहिला की तिथे मज्जारज्जू उघडा पडतो आणि मेंदूभोवतीचं पाणी त्या उघड्या जागेतून गर्भजलात झिरपत राहतं. गळक्या टाकीसारखंच हे. भोक तळाला असतं, पण पातळी उतरलेली दिसते वर. पाण्याचा दाब कमी झाला की मेंदूचा मागचा भाग खाली आणि मागे सरकतो, कवटीच्या तळाच्या भोकाकडे ओढला जातो. यालाच कियारी टू म्हणतात. पाठीवरचा दोष बाराव्या आठवड्यात काही मिलिमीटरचा असतो, त्या वयात कमरेखालच्या मणक्यांची हाडं पुरती भरलेली नसतात, आणि बाळ बहुतेक वेळा पाठ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटवून पडलेलं असतं. डोकं मात्र एनटीसाठी आपण तसंही मोठं करून समोर घेतलेलंच असतं.

हे कळायला वेळ लागला. स्टुअर्ट कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कवटीच न बनलेलं बाळ सोनोग्राफीत ओळखलं, १९७५ मध्ये स्पायना बायफिडा. त्यानंतर बरीच वर्षं कणा एकेक मणका करत तपासणं आणि आईच्या रक्तातलं एएफपी (बाळाकडून येणारं, उघड्या दोषात वाढणारं प्रथिन) पाहणं यावरच भिस्त होती. १९८६ मध्ये निकोलायडीस, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी लिंबाच्या आकाराची कवटी आणि केळ्यासारखा वाकलेला छोटा मेंदू या खुणा मांडल्या आणि सगळ्यांची नजर पाठीवरून डोक्याकडे वळली. पण त्या दुसऱ्या तिमाहीतल्या. पहिल्या तिमाहीतली खूण राबीह शाऊई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवली, तीसुद्धा एनटीच्याच चित्रात.

चित्र कसं घ्यायचं

एनटीसाठी बाळाची लांबी, म्हणजे सीआरएल, ४५ ते ८४ मिमी असावी लागते. हे ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत बसतं. मला विचाराल तर साडेबारा आठवड्यांनंतर बोलवा. अकराव्या आठवड्यात एनटी मिळून जातं, पण डोक्यातल्या बारीक रेघा ओळखताना डोळे फुटायची वेळ येते. आठवडाभराने तेच बाळ कितीतरी सोपं होतं.

पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग ठेवा. बरोबर मधला उभा छेद हवा. नाकाचं टोक, टाळूचा चौकोनी तुकडा, मेंदूच्या मध्यभागी काळपट डायएनसेफॅलॉन आणि मागे मानेची त्वचा, हे चारही एका वेळी दिसले पाहिजेत. गालाचं हाड डोकावलं तर तुम्ही मध्यावरून घसरला आहात. बाळ उताणं, तोंड प्रोबकडे, हे सगळ्यात चांगलं. पालथं असेल तर डोक्यामागच्या हाडाची सावली नेमकी हव्या त्या जागेवर पडते. तेव्हा प्रोबने पोट दाबत बसण्यापेक्षा आईला कुशीवर वळवा, खोकायला सांगा, दहा मिनिटं फिरून यायला सांगा. तरीही मिळालं नाही तर योनीमार्गे स्कॅन करा. त्याची जास्त फ्रिक्वेन्सी या भागासाठी वरदान आहे, मात्र आधी नीट समजावून, परवानगी घेऊन.

आता एनटी मोजा, फोटो साठवा आणि हात उचलू नका. इथेच माझं चुकलं होतं.

तीन पट्टे

कवटीच्या तळाचं चमकदार हाड शोधा, म्हणजे स्फेनॉइड. तिथून बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला जायचं. बाळ उताणं असल्यामुळे पडद्यावर हे वरून खाली येणं असतं. पहिला लागतो राखाडी-काळसर पट्टा, तो ब्रेनस्टेम, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. त्याच्या मागच्या कडेला एक पांढरी रेघ. त्यानंतर काळा पट्टा, ही मेंदूतल्या पाण्याची चौथी पोकळी. शाऊईंनी हिलाच इंट्राक्रेनियल ट्रान्सलुसन्सी असं नाव दिलं. आपण तोंडी आयटी म्हणतो. तिची जाडी सीआरएल ४५ ला साधारण दीड मिमी आणि ८४ ला अडीच मिमी. मग पुन्हा एक पांढरी रेघ, चौथ्या पोकळीच्या कोरॉइड प्लेक्ससची, म्हणजे मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळीची. तिच्यामागे दुसरा काळा पट्टा, पुढे सिस्टर्ना मॅग्ना (छोट्या मेंदूमागची पाण्याची जागा) होणारी जागा. आणि शेवटी डोक्यामागचं पांढरं हाड.

मी मनातल्या मनात म्हणते: राखाडी, काळं, काळं, हाड. प्रत्येक बाळाला. शिकाऊ मुलं हसतात, पण आठवड्याभरात तीही पुटपुटायला लागतात.

उघड्या स्पायना बायफिडात ही ओळ बिघडते. ब्रेनस्टेम जाडजूड दिसतो आणि मागे सरकलेला असतो. त्याच्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांना जागाच उरत नाही. कधी दोन्ही चेपतात, कधी दोघांपैकी एकच उरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काळं दिसलं ना, झालं. माझ्या त्या फोटोत हेच होतं, एक काळी फट. पहिल्या काळ्याच्या जागी मी ती गृहीत धरली असती, जर मी तिकडे पाहिलं असतं तर.

म्हणून आयटी दिसली की नाही एवढ्यावर थांबू नका. दोष असलेल्या काही बाळांत ती दिसते आणि छेद किंचित तिरका गेला तर निरोगी बाळात ती हरवते. मोजून टाका. ब्रेनस्टेमची जाडी एक, आणि ब्रेनस्टेमच्या मागच्या कडेपासून डोक्यामागच्या हाडापर्यंतचं अंतर दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागा. निरोगी बाळात उत्तर १ च्या खाली राहतं, कारण मागची जागा ब्रेनस्टेमपेक्षा मोठी असते. उघड्या दोषात ते १ किंवा त्याहून जास्त होतं. माझ्या जुन्या फोटोवर त्या रात्री मी दोन्ही मोजलं: ३.४ आणि २.३. जवळपास दीड. गुणोत्तर काढायचीही गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं.

उलटही होतं. मागची काळी जागा नेहमीपेक्षा बरीच मोठी दिसली तर तो वेगळा विषय, डँडी-वॉकरसारखे छोट्या मेंदूचे दोष किंवा गुणसूत्रांचा गोंधळ. सोडून देऊ नका, एवढंच.

आडवा छेद

उभ्या छेदात शंका आली किंवा तो मिळालाच नाही, तर डोकं आडवं कापून पाहा. बीपीडीच्या, म्हणजे डोक्याच्या आडव्या रुंदीच्या, पातळीवर दोन्ही कोरॉइड प्लेक्सस फुलपाखराच्या पंखांसारखे दिसतात आणि त्यांच्याभोवती काळं पाणी असतं. उघड्या दोषात ते पाणी कमी होतं आणि पंख कवटी भरून टाकतात. याला ड्राय ब्रेन म्हणतात, कोरडा मेंदू. नाव चपखल आहे. तिथून प्रोब मागच्या बाजूला थोडा कलवला की मिडब्रेन, म्हणजे ब्रेनस्टेमचा वरचा भाग, दिसतो. एरवी त्याच्या आणि मागच्या हाडाच्या मध्ये मोकळी जागा असते. दोष असेल तर मिडब्रेन मागे सरकून हाडाला भिडलेला दिसतो, गाडी भिंतीवर आदळावी तसा. २०१९ मध्ये उशाकोव्ह आणि सहकाऱ्यांनी ही खूण मांडली, तिचं नावच क्रॅश साइन.

बीपीडीही पाहा. यातल्या बऱ्याच बाळांचं डोकं या वयात लहान भरतं. आपण सवयीने तारीख जुळवून मोकळे होतो: 'बीपीडी चार दिवस मागे, असू दे.' तेव्हा पोटाची आडवी रुंदी घ्या. या वयात डोकं पोटापेक्षा रुंद असायला हवं. दोन्ही सारखे किंवा पोटच मोठं निघालं तर परत वर जा आणि मागचे पट्टे पुन्हा मोजा.

आता पाठ. मानेपासून शेवटापर्यंत उभा छेद, त्वचेची रेघ सलग आहे का, कमरेखाली कुठे वळण तुटलंय का, लहानशी पिशवी आहे का. पाठ आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये पाणी असेल तरच याला अर्थ आहे. नसेल तर थांबा, बाळ हलेल. पण या वयात पाठ चांगली दिसली म्हणून डोक्यातली शंका पुसायची नाही. माझं मत विचाराल तर बाराव्या आठवड्यातल्या पाठीवर मी फार कमी विश्वास ठेवते.

शंका आली तर

एका खुणेवर निदान लिहू नका. आईला सांगा की मेंदूच्या मागच्या भागातली जागा कमी दिसतेय, यातून काही निघेल किंवा निघणारही नाही. आणि फीटल मेडिसिनच्या तज्ज्ञाकडे लगेच पाठवा. योनीमार्गे स्कॅन, एक-दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन, गुणसूत्रांची तपासणी, १६ ते १८ आठवड्यांत एएफपी, हे तिथून पुढे ठरतं. गुणसूत्रांचं मनावर घ्या, कारण अशा काही बाळांत ट्रायसोमी १८ (अठरावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं) सारखा दोषही सोबत असतो.

सोळाव्या आठवड्यापासून जुन्या ओळखीच्या खुणा हाताशी येतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कवटी आत दबलेली, वरून लिंबासारखी. मात्र शंभरातल्या साधारण एका निरोगी बाळातही लिंबू दिसतं, आणि २४ आठवड्यांनंतर खऱ्या दोषातही ते नाहीसं व्हायला लागतं. केळं जास्त भरवशाचं: छोटा मेंदू ब्रेनस्टेमभोवती वाकून गुंडाळलेला आणि सिस्टर्ना मॅग्ना गायब. छेद फार तिरका घेतला तर सिस्टर्ना मॅग्ना खोटीच मोठी दिसते, तेव्हा घाईने सुस्कारा सोडू नका. मेंदूच्या पोकळ्या मागच्या भागात १० मिमी किंवा जास्त असतील तर त्या वाढलेल्या धरायच्या.

आता पाठीवरची नेमकी जागा शोधायची. आडव्या छेदात प्रत्येक मणक्याचे तीन पांढरे ठिपके दिसतात, पुढे एक, मागे दोन. निरोगी मणक्यात मागचे दोन एकमेकांकडे झुकतात. दोषाच्या जागी ते बाहेर फाकतात आणि वरची त्वचा तुटलेली दिसते. शेवटच्या बरगडीचा मणका बारावा, तिथून खाली मोजा, आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या टोकाशी पडताळा घ्या. दोनदा मोजा. एका मणक्याची चूक आईवडिलांना पुढे काय सांगायचं तेच बदलून टाकते.

एक गैरसमज इथेच मोडते. 'पाय हलवतंय, म्हणजे ठीक आहे' हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलंय आणि डॉक्टरांकडूनही. उघड्या दोषातही गर्भात पाय हलतात. वाकडं पाऊल दिसलं तर नोंदवा, पण हलणाऱ्या पायांवरून भविष्य सांगू नका.

त्या दिवशी

त्या जुन्या फोटोतल्या बाळाची आई विसाव्या आठवड्यात आली तेव्हा तिच्या बाळाची कवटी लिंबासारखी होती, छोटा मेंदू केळ्यासारखा, आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापासून खाली ठिपके फाकलेले. मी पडदा तिच्याकडे वळवला नाही, हे तिला लगेच कळलं. तिने विचारलं, "डॉक्टर, मागच्या वेळी दिसलं नव्हतं का?"

तेव्हा मी म्हटलं, त्या वयात नेहमी दिसतंच असं नाही. वाक्य खरं होतं, उत्तर मात्र खोटं होतं. जुना फोटो मी संध्याकाळी पाहिला. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं: दिसत होतं, मी पाहिलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ आठवडे."

तिचा हिशेब बरोबर होता. लवकर कळण्याचा फायदा तोच. दोष काही लवकर बरा होत नाही, पण ठरवायला वेळ मिळतो: बाळ ठेवायचं की नाही, जन्मानंतर शस्त्रक्रिया की गर्भातच, बाळंतपण कुठे. गर्भातल्या शस्त्रक्रियेचा मोठा अभ्यास, मॉम्स, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली होती. मेंदूतलं पाणी काढायला शंट लागण्याचं प्रमाण एक वर्षाच्या वयापर्यंत ४० टक्के होतं, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं ४२ टक्के, दुसऱ्या गटात २१. त्याची किंमतही होती: बाळंतपण लवकर होणं आणि आईच्या गर्भाशयावरचा व्रण. प्रत्येक बाळ यात बसतही नाही. दोषाची पातळी, मेंदूचं सरकणं, गुणसूत्रं, आईची तब्येत, सगळं पाहतात. या तपासण्यांना दिवस लागतात. विसाव्या आठवड्यात कळलेल्या बाईचा एकेक दिवस धावपळीत जातो. बाराव्यात कळलेली निदान एक रात्र झोपून विचार करू शकते.

बाळ चालेल का, असं नवऱ्याने तीनदा विचारलं. याचं उत्तर सोनोग्राफीच्या खोलीत देऊ नका. पातळी सांगा, पोकळ्यांचं माप सांगा, आणि मूत्राशय व आतड्यांचाही प्रश्न असतो हे लपवू नका. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि रोजच्या जगण्यात तेच जास्त जाणवतं. मग त्यांना अशी मुलं रोज पाहणाऱ्या बालशल्यचिकित्सकाशी किंवा मेंदूच्या सर्जनशी बोलू द्या.

गोळीचं

फॉलिक अ‍ॅसिडबद्दल थोडक्यात. एनटी स्कॅनच्या दिवशी 'आता गोळी सुरू करते' म्हणणाऱ्या बायका भेटतात, पण नलिका तेव्हा मिटून सहा आठवडे उलटलेले असतात. गोळी दिवस राहण्याआधी किमान महिनाभर सुरू हवी, रोज ०.४ मिग्रॅ, बारा आठवड्यांपर्यंत. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर ४ मिग्रॅ, काही ठिकाणी ५ देतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या अभ्यासात, आधी असं मूल झालेल्या बायकांत ४ मिग्रॅमुळे दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मधुमेह असेल किंवा फिटांसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. ते औषध मनाने बंद मात्र करू नका, फिट हा स्वतंत्र धोका आहे.

रिपोर्ट

वर सांगितलेलं सगळं उघड्या दोषाचं. त्वचेने झाकलेल्या प्रकारात पाणी झिरपत नाही, म्हणून डोकं नॉर्मल दिसतं, एएफपीही नॉर्मल येतं. तो प्रकार बाराव्या आठवड्यात सहसा हाती लागत नाही, कधी विसाव्यातही नाही. आणि मोठ्या माणसाच्या एक्स-रेवर 'स्पायना बायफिडा ऑकल्टा' लिहून येतं ते आणखी वेगळं, बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास नसतो. दोन्हींची सरमिसळ करून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात.

म्हणून मी रिपोर्टमध्ये 'स्पायना बायफिडा नाही' असं लिहित नाही. लिहिते ते असं: 'डोक्याच्या मागच्या भागात ब्रेनस्टेम, चौथी पोकळी आणि सिस्टर्ना मॅग्ना वेगवेगळे दिसले. ब्रेनस्टेमचं गुणोत्तर १ पेक्षा कमी. उघड्या दोषाची अप्रत्यक्ष खूण आज दिसली नाही. कणा १८ ते २० आठवड्यांत पुन्हा पाहावा.' बाळ पालथं असल्याने पट्टे मिळाले नाहीत तर तेही लिहिते, आणि सीआरएल ८४ च्या पुढे जायच्या आत पुन्हा यायची तारीख तिथेच टाकते.